पाठीवर झोपवलं तर दूध श्वासनलिकेत जाईल का?

तीन आठवड्यांचं बाळ पाठीवर ठेवलं की दचकून उठतं, पालथं घातलं की तासन्‌तास झोपतं. त्यात सासूबाई म्हणतात, पाठीवर असताना दूध उलटून घशात अडकेल. तुमची अडचण ओळखीची आहे. माझ्या थोरल्याच्या वेळी आमच्याकडेही हाच वाद होता.

सासूबाईंची भीती समजते, पण शरीराची रचना नेमकी उलट सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. उलटून आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागतं. पालथं घातलं की श्वासनलिका खाली येते.

आणि ती गाढ झोप? तीच तर काळजीची गोष्ट. पालथ्या बाळाला जाग लवकर येत नाही. श्वासाला अडचण आली तर जाग येणं हाच त्याचा बचाव. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दोन ते चार महिन्यांत हा धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून आत्ताच सवय लावा. कुशीवरही नको, बाळ सहज पालथं होतं. पालथं घालायचंच तर जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर.

गादी घट्ट आणि सपाट, त्यावर ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, लोड, मऊ खेळणी, सुटं पांघरूण काही नको. हातपाय गार लागतात म्हणून कपडे चढवत बसू नका. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर काढा. दुपट्यात गुंडाळत असाल तर बाळ वळायचा प्रयत्न करू लागताच थांबवा.

आता माझी चूक. पहाटे तीनला सोफ्यावर बसून पाजत होते, डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत सरकलेलं, नाक गादीला टेकलेलं. सुदैवाने काही झालं नाही, पण त्यानंतर रात्री सोफ्यावर कधीच पाजलं नाही. झोप अनावर असेल तर उश्या-पांघरुणं बाजूला सारून पलंगावरच पाजा. तिथेही धोका आहे, पण सोफ्याइतका नाही. जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवायचं. ती जागा तुमच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने.

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल किंवा घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर त्याला तुमच्या पलंगावर शेजारी झोपवायचा विचारही नको.