कर्नल येतो, रूट येत नाही

प्रश्न: डिस्क नसलेलं मशीन पीएक्सईवरून, म्हणजे नेटवर्क कार्डातल्या बूट-सोयीने, बूट करतो आहे; त्याचा रूट (मूळ फाइलसिस्टम) सर्व्हरवर आहे आणि एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर देणाऱ्या सेवेने, मिळायचा आहे. सर्व्हरवर आणि मशीनवर डेबियनच आहे. पत्ता मिळतो, कर्नल आणि इनिटरॅमएफएस (रूट मिळेपर्यंत रॅममध्ये चालणारी छोटी फाइलसिस्टम) उतरतात, पडद्यावर ओळी धावतात आणि मग रूट माउंट होत नाही म्हणून सगळं थांबतं. नेटवर्क बंद असतं तर कर्नल तरी कसा आला असता?

उत्तर: नेटवर्क एकच आहे, पण ते वापरणारे वेगवेगळे आहेत. आधी कार्डातला पीएक्सई प्रोग्राम पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे पत्ता मागतो आणि टीएफटीपी या साध्या फाइल-सेवेने बूटलोडर आणतो, मग तो बूटलोडर त्या दोन फाइली आणतो. कर्नल उठला की त्या पत्त्याशी त्याचा संबंध उरत नाही. त्याला कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि पत्ता पुन्हा मागावा लागतो. म्हणून बूट होताना सर्व्हरवरचा डीएचसीपीचा लॉग उघडा ठेवा. एकाच मॅक पत्त्याची (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाची) मागणी काही सेकंदांच्या अंतराने दोनदा दिसली पाहिजे.

एकदाच दिसली, तर चूक मशीनकडे आहे. कर्नलच्या ओळीत 'आयपी' समोर 'डीएचसीपी' आहे का ते बघा. इनिटरॅमएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये 'बूट' ची किंमत 'लोकल' असते, ती 'एनएफएस' करा. 'मॉड्यूल्स' ला 'डेप' असेल तर 'मोस्ट' करा, कारण 'डेप' ज्या मशीनवर फाइल बनते त्याच मशीनचे ड्रायव्हर घेतं. मग इनिटरॅमएफएस नव्याने बनवा आणि टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये पुन्हा कॉपी करा. ही कॉपी राहून जाते आणि जुनीच फाइल बूट होत राहते.

स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वळसे होऊ न देणारी सोय) चालू असेल तर तेही तपासा. ड्रायव्हर कार्ड रीसेट करतो तेव्हा लिंक क्षणभर पडते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये पोर्ट त्यानंतर ३० सेकंद डेटा पुढे सोडत नाही. त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट टाळणारी सेटिंग, लावा.

दोन मागण्या दिसूनही रूट येत नसेल, तर सर्व्हरकडे वळा. डेबियनच्या इनिटरॅमएफएसमधला छोटा एनएफएस माउंट प्रोग्राम आवृत्ती ३ पर्यंतच बोलतो. सर्व्हर फक्त आवृत्ती ४ देत असेल तर नकार ठरलेला. शिवाय आवृत्ती ३ ला सर्व्हरवरचा २०४९ हा एकच नेटवर्क पोर्ट पुरत नाही. १११ वर आरपीसीबाइंड (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर ते सांगणारा) लागतो आणि माउंटडीचा, म्हणजे माउंटची मागणी घेणाऱ्या सेवेचा, पोर्टही. माउंटडीचा पोर्ट दर वेळी बदलू शकतो, तो एका आकड्यावर बांधून फायरवॉलमध्ये उघडा.

प्रश्न: रूट माउंट होतो, पण पुढे 'परवानगी नाही' अशा चुका येतात. एकदा तर लॉगिनच्या जरा आधी मशीन गोठलं.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. परवानगीचं कारण रूट स्क्वॅश. एनएफएस सर्व्हर मुळातच क्लायंटच्या रूट वापरकर्त्याला (इथे रूट म्हणजे फाइलसिस्टम नव्हे) सामान्य 'नोबडी' मानतो, आणि बूट होणाऱ्या मशीनचं सगळं काम तर रूटच करतो. सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठला फोल्डर कोणाला द्यायचा त्या यादीत, 'नो रूट स्क्वॅश' द्या, शब्दांमध्ये अंडरस्कोअर. नेटवर्कचा पत्ता आणि कंस यांत एकही स्पेस सोडू नका. स्पेस पडली की कंसातले पर्याय साऱ्या जगाला लागू होतात आणि तुमच्या नेटवर्कला मूळचेच राहतात. ही चूक नुसती त्रासाची नाही, धोक्याची आहे.

गोठण्यामागे बहुधा पत्ता मागणारा तिसरा असतो, नेटवर्क मॅनेजर. तो उठतो, कार्ड खाली घेऊन नव्याने लावू पाहतो, आणि ज्या तारेवर रूट आहे तीच तुटते. लावायचा प्रोग्रामही त्याच रूटवर, मग तार जोडणार कोण? ज्या इंटरफेसवरून बूट झालं तो मॅनेजरच्या ताब्यातून काढा. पडद्यावर 'सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू' अशा अर्थाची ओळ दिसली तर आधी इथेच बघा.

रूट जुन्या डिस्कवरून कॉपी केला असेल तर एफस्टॅबमधली (काय काय माउंट करायचं त्या यादीतली) त्या डिस्कची नोंदही काढा, नाहीतर मशीन उभं करणारा सिस्टमडी ९० सेकंद डिस्कची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल.

प्रश्न: एकच रूट दहा मशीनना देता येईल का?

उत्तर: येईल, पण फक्त वाचण्यापुरता. दहा जण एकाच 'व्हार' मध्ये लिहू लागले की लॉग आणि लॉक फाइली एकमेकांवर चढतात. एनएफएसचा रूट खालचा थर आणि रॅममधली टीएमपीएफएस वरचा, असा ओव्हरले (दोन थर एकत्र दाखवणारी फाइलसिस्टम) इनिटरॅमएफएसमध्येच उभा करा. वरचा थरही एनएफएसवर ठेवायचा मोह टाळा, ओव्हरलेला तो चालत नाही. लिहिलेलं सगळं रॅममध्ये जातं आणि रीबूटला पुसलं जातं, म्हणून मोठे लॉग सर्व्हरकडे पाठवा आणि होम वेगळं माउंट करा.

ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल डिलीट न करता रिकामी ठेवा. दहांची ओळख एकच राहिली तर काही ठिकाणी डीएचसीपी दोन मशीनना एकच पत्ता देतो.