बोटात काटा गेला की काही तासांत बोट लाल होऊन का सुजतं आणि ठणकतं? सूज उतरायची गोळी लगेच घेतली तर चालेल का?

गोळीचं आधी सांगते कारण तो शब्द वाचूनच माझं डोकं फिरलं. कुणीतरी कागदाच्या पुडीत बांधून दिलेली 'सूज उतरायची' सुटी गोळी खाऊ नका. अजिबात नाही.

मी लॅबमध्ये काम करते, रोज रक्ताच्या स्लाइड बघते. आमचे दाजी सांगोल्याकडचे, डाळिंबाची बाग आहे. छाटणीच्या वेळी काटा लागणं रोजचंच, पण त्या वेळी बोटाच्या पेरात खोल गेला आणि टोक आतच मोडलं. रात्रीपर्यंत बोट टम्म, ठणका असा की हात खाली सोडवेना. बहिणीने लिंबू कापून बोटात घातलं, ते ठीक आहे, त्याने कुणी मरत नाही. पण दाजींनी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाकडून बारीक पांढऱ्या गोळ्या आणल्या आणि खाल्ल्या. सूज झपाट्याने उतरली, दाजी खूश, मला फोन करून ऐकवलं की बघ, तुमच्या डॉक्टरांनी उगाच चिरफाड केली असती. गोळ्या होत्या स्टिरॉइडच्या, म्हणजे सूज आणि शरीराचा प्रतिकार दोन्ही दाबणारं औषध. आणि दाजींना शुगर आहे, स्टिरॉइडने ती आणखी चढते!

आता सूज म्हणजे काय ते ऐका. काटा घुसला की तिथल्या पेशी फुटतात, सोबत जंतूही आत जातात. कातडीखालच्या मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं म्हणून जागा लाल आणि गरम. बारीक शिरांच्या भिंतीत फटी पडतात, त्यातून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, ती सूज. प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन ह्या तिथंच तयार होणाऱ्या रसायनांमुळे दुखतं. बोटाच्या पेरात तर आत घट्ट पडद्यांचे कप्पे असतात, फुगायला जागाच नाही, म्हणून एवढा ठणका.

पण खरं काम पुढे आहे. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या जागी भिंतीला चिकटत, घरंगळत हळू होतात आणि मग फटीतून अंग चोरून बाहेर पडतात, चालत्या एसटीतून उतरणारा माणूस आधी दांडा धरून लटकतो ना, तसं. बाहेर पडून जंतू गिळतात आणि तिथंच मरतात. पू म्हणजे मुख्यतः ह्याच मेलेल्या पेशी. ताक प्यायल्याने पू होत नाही, आंबटाचा काहीएक संबंध नाही (हे दाजींसाठी). एक-दोन दिवसांनी मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या, गिळणाऱ्या पेशी येऊन राडा साफ करतात.

हे मी मनाने सांगत नाही. १८८२ साली मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीतल्या मेसिना गावात तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये गुलाबाचे काटे टोचले, सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, तारामाशाला गोळी कोण देणार.

तर स्टिरॉइडने होतं काय, की ह्या पेशींना भिंतीला चिकटताच येत नाही, त्या रक्तातच फिरत राहतात. बोट शांत दिसतं, आत जंतूंना रान मोकळं. दाजींचं रक्त आमच्याकडे आलं तेव्हा काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, १८ हजार, ११ हजारांच्या वर जाऊ नये तिथं, आणि त्यावर दाजींचं म्हणणं की काउंट वाढला म्हणजे ताकद वाढली! अहो, संसर्गाने काउंट वाढतोच, त्यात स्टिरॉइडने भिंतीवरच्या पेशी सुटून रक्तात आल्या की आकडा आणखी फुगतो. शुगर तर विचारूच नका. शेवटी सर्जननी बोट चिरून पू काढला, काट्याचं टोकही निघालं. आजही चार लोकांत बसले की सांगतात, गोळी बंद केली म्हणून बोट चिघळलं. आणि सगळे माना डोलावतात, कारण ते थोरले जावई.

म्हणून माझं मत, सूज दिसली की ती दाबायला धावू नका, आधी काटा निघालाय का बघा. दुखतंय तर पॅरासिटामॉल घ्या.

हो, एक राहिलं, स्टिरॉइड वाईटच असं नाही, दम्यात, अॅलर्जीत जीव वाचवतं, आणि कुणाला डॉक्टरांनी चालू केलं असेल तर हे वाचून मध्येच बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. पाय मुरगळल्यावर डॉक्टर सुजेची गोळी देतात तीही वेगळी गोष्ट. पण ताप आला, बोट वाकेना, हातावर लाल रेघ चढत गेली किंवा शुगर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि टीटीचं, म्हणजे धनुर्वाताचं, इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही त्यांना सांगा.