घरात सांगावंच लागेल का?

"मॅडम, घरात सांगावंच लागंल का?" एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीबाधितांना गोळ्या मिळतात त्या केंद्रात, समुपदेशक म्हणून बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. त्याचं उत्तर मला एका बाईंकडून शिकायला मिळालं. त्यांना इथे सुमनताई म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुमनताई द्राक्षपट्ट्यातल्या. नवरा वारलेला, पदरी एक मुलगी, घरात सासू, दीर आणि जाऊ. मुलीची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा माझ्यासमोरच पदर तोंडाला लावून रडल्या होत्या. गोळ्या सुरू होऊन दीड वर्ष झालं आणि त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मिलिलिटरमागे १०००च्या वर आला. असं झालं की आम्ही पुढचे तीन महिने दर महिन्याला बोलावून समुपदेशन करतो आणि मग पुन्हा रक्त तपासतो. बहुतेक वेळा औषध निकामी झालेलं नसतं, गोळ्या चुकलेल्या असतात.

त्यांच्याही चुकल्या होत्या. बाटलीवरचं लेबल त्यांनी खरवडून काढलं होतं, आत कापूस कोंबला होता, कारण गोळ्या खुळखुळतात. ती बाटली तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरलेली असायची. गोळीची वेळ रात्री नऊची आणि सासूबाईंचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दारातच. जत्रेला नणंदा माहेरी आल्या तेव्हा आठ दिवस डब्याला हात लावता आला नव्हता.

मी त्यांना समजावलं. एका ताटात जेवल्याने, एकाच न्हाणीघरात आंघोळ केल्याने हा विषाणू पसरत नाही, सासूबाईंना एकदा घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या महिन्यात त्या आल्याच नाहीत.

चूक माझी होती. घर त्यांचं, भीती त्यांची, आणि कोणाला सांगायचं हे मी ठरवून मोकळी झाले होते.

त्यांना परत आणलं ते 'विहान' काळजी व आधार केंद्राच्या कार्यकर्तीने. ही ताई स्वतः कितीतरी वर्षं गोळ्या घेते आहे. सुमनताईंनी नाव नोंदवताना 'घरी येऊ नका' असं सांगितलं होतं, म्हणून ती घरी गेली नाही. आधी फोन केला, मग आठवडी बाजारात भाजी घेता घेता भेटली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पण पुढच्या खेपेला सुमनताईंनी स्वतःच विचारलं, "गोळी सकाळी घेतली तर चालंल का?"

चालतं. सध्याची एकत्रित गोळी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. ती वेळ रात्रीचीच हवी असं नाही. मी हे आधी विचारायला हवं होतं. आता त्या बागेत दहाच्या चहाला, पदराच्या गाठीतली गोळी घेतात.

आणि त्यांनी सांगितलं, पण जावेला. मी तर जावेचं नावही काढलं नव्हतं. नवऱ्याच्या आजारपणात रात्र रात्र सोबत बसली होती ती जाऊच, हे मला कुठून माहीत असणार? जाऊबाई एकदा केंद्रात आल्या, लेकरांना काही होणार नाही ना एवढंच विचारलं, आणि आता जत्रेच्या दिवसांत बाटली त्या सांभाळतात.

म्हणून आता मी त्या प्रश्नाला असं उत्तर देते. जोडीदाराला सांगायला हवं. ते अवघड असतं, त्यासाठी आम्ही शेजारी बसतो. बाकी कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. २०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार, कायद्यातले काही अपवाद सोडले तर, तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमचा आजार कोणी उघड करू शकत नाही, आणि बाधित बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. सुमनताईंनी हे कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. माझा आग्रह एकच असतो, एक माणूस शोधा. घरातला नसला तरी चालेल.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा विषाणूचं प्रमाण मोजण्याइतकंही उरलं नव्हतं.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज मात्र जाऊबाईंनी भरून घेतला. एसटीत एचआयव्हीबाधितांना प्रवास मोफत आहे हे मी सांगून पाहिलं, पण त्या मार्गावरचा कंडक्टर त्यांच्याच गावचा. त्या महिलांच्या सवलतीचं अर्धं तिकीट काढतात आणि ठरलेल्या तारखेला येतात.