कोयनेचे दरवाजे आणि तुमची झोप

डॅलसहून एका सांगलीकर ताईंचं पत्र आलंय. लिहितात, "आई-बाबा गावभागात दोघंच. जुलै लागला की मी रात्री दोनला उठते, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघते, कोयना धरणातून किती पाणी सोडलं ते बघते. देवावर विश्वास आहे हो, पण झोप लागत नाही."

ताई, २०१९ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना ही भीती वेगळी सांगावी लागत नाही. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तरी मोठी बहीण म्हणून थोडं रागावते. तुमच्याकडे रात्रीचे दोन, तेव्हा सांगलीत दुपारचे साडेबारा. आई-बाबा जेवायला बसलेले, आणि तुम्ही तिकडे अंधारात त्यांचा घोर करत बसता! तुमच्या जागण्याने कोयनेचे दरवाजे बंद होणार आहेत का?

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या, गोंदवल्याजवळच्या. १९७२ च्या दुष्काळात सासरे मुंबईला, पदरात लहान लेकरं. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. रात्री रामनामाचा जप करायच्या आणि "आता तू बघ रे रामा" म्हणून आडव्या व्हायच्या. गोंदवलेकर महाराजांनी १९१३ साली देह ठेवला, पण त्या भागातल्या घरांत तो जप अजून आहे. आमच्याकडे इथेही आहे. यजमानांची नोकरी गेली त्या हिवाळ्यात आम्ही अर्ज दिवसा लिहायचो, रात्री फक्त नाम. झोप लागायची.

तेव्हा आधी आपलं काम उरका. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की आई-बाबांनी विश्रामबागेत तुमच्या चुलतभावाकडे जायचं, हे आजच ठरवून टाका. औषधं, कागदपत्रं एका पिशवीत. रात्री भावाचा फोन तेवढा वाजू द्या, बाकी मोबाइल स्वयंपाकघरात. पुढचं रामावर सोडा, आणि सोडलंत तर रात्री दोनला परत उचलू नका. सुरुवातीला मन पळेल. पळू द्या, माळ थांबवू नका.

पत्राच्या शेवटी विचारलंत, मुंज तिथे डॅलसला की साताऱ्यात? आजी-आजोबांना जिथे त्रास कमी, तिथे. नणंद बोलते म्हणता, ते सोडून द्या. लेक मराठीत उत्तर देत नाही म्हणता, तर जप मोठ्याने करा. तिच्याही कानावर पडेल.