मातीची भिंत तडकली, आता पाडू का?

प्रश्न : भोर तालुक्यात स्वतःच घर बांधतोय, मी, बायको आणि सुट्टीला येणारे दोन मित्र. विटा नकोत म्हणून माती ठोकून भिंत करायचं ठरवलं. शेतातली काळी माती आणि टेकाडावरचा मुरूम निम्मा निम्मा, सिमेंट अजिबात नाही. १ फूट जाड, १० फूट लांब, ७ फूट उंच अशा २ भिंती झाल्या. प्लायचा साचा काढल्यावर कोपरे ढासळले, पंधरवड्यात उभ्या भेगा पडल्या, एका भिंतीचं पोट दीड इंच पुढे आलंय आणि परवाच्या वळवाने तिचाच पाया धुतला. घरचे म्हणतात सगळं पाडा, विटा आणा. चार महिन्यांची मेहनत आहे हो, काय करू?
– एक वाचक

उत्तर : पत्र वाचून जीव तुटला. आधी सांगते, दोन्ही पाडू नका, एकच उतरवा.

मुख्य घोळ काळ्या मातीचा आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच भिंतीत झालं. आपल्याकडे शेतीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, आणि जुन्या गढ्यांच्या भिंती पांढरीच्या मातीच्या आहेत, काळीच्या नाहीत. वरच्या थरात मुळं, पालापाचोळाही असतो, तो कुजला की पोकळी राहते. म्हणून शेतमाती बंद करा, मुरूमच मुख्य ठेवा. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मिश्रण, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा, वाळू खाली बसते, चिकणमाती सगळ्यात वर. ती शंभरात १५-२० भाग असली की बास.

पाणीही जास्त झालं असणार. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि छातीएवढ्या उंचीवरून सोडायचा. तीन-चार तुकडे झाले तर बरोबर, लगदा तसाच राहिला तर ओली, पीठ झालं तर कोरडी. हे माती कालवायच्या दर घाणीला करायचं, सकाळी एकदा करून भागत नाही, कारण ऊन चढलं की माती तासाभरात बदलते.

पोट आलं ते सेंट्रिंगमुळे, म्हणजे प्लायच्या साच्यामुळे. धुम्मस (माती ठोकायचं जड अवजार) मारताना माती बाजूलाही रेटते, नुसत्या प्लायला ते झेपत नाही, बाहेरून आडवे वासे आणि दर २ फुटांवर आरपार बोल्ट हवेत. थर सैल असताना ६ इंच, ठोकून ४ व्हायला हवा. आधी कडा आणि कोपरे ठोका, मग मधलं, आवाज धपधप असतो तो टणक येईपर्यंत. कोपऱ्यात आतून तिकोनी लाकडी पट्टी लावा, धारदार कोपरा मातीत टिकतच नाही.

आता तुमच्या २ भिंती. पोट आलेली, पाया धुतलेली उतरवा. सिमेंट नाही हे इथे फायद्याचं, ढेकळं फोडून, चाळून, जादा मुरूम घालून तीच माती परत वापरता येते. दुसरीच्या भेगा नख जाईल एवढ्याच असतील आणि ओळंबा बरोबर असेल तर ठेवा, चाळलेल्या त्याच मातीने भरा. छताचं वजन टाकायच्या आधी मात्र इंजिनिअरला दाखवाच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली किती माणसं गेली, तेव्हा मातीच्या घरात भिंतींना बांधून धरणारे आडवे पट्टे हवेतच, आयएस १३८२७ या भारतीय मानकात ते दिलेत, त्यात काटकसर नको.

पुढच्या भिंतीला दगडी जोतं दीड-दोन फूट वर काढा, पागोळ्या २ फूट तरी बाहेर, आणि १० फूट सलग न करता ७-८ फुटांवर सांधा सोडा. राहिलेल्या भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री टाका, झडीच्या बाजूला आडोसा करा, पण सगळी गुंडाळू नका, आत ओल कोंडते. पावसाळ्यात नवी भिंत घेऊ नका. शेडमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात दीड-दीड फुटांचे ठोकळे करा, तारीख आणि प्रमाण लिहून ठेवा, एखादा मुद्दाम पावसात ठेवा. दिवाळीनंतर त्यातला जो शाबूत असेल त्याच्याच प्रमाणाने सुरू करा, आणि ठोकळ्यांचं काय झालं ते कळवा, मी वाट बघतेय.