बोकडाचे वीर्य फ्रीजमध्ये किती काळ टिकते? गाईसाठीचे विरलक त्याला चालते का?

आपला बोकड काणकोणला आणि शेळ्या वाळपईला आहेत, तेव्हा वीर्य न गोठवता नेऊन कृत्रिम रेतन करता येईल का आणि गाईच्या वीर्यासाठीचे अंड्याच्या बलकाचे विरलक (वीर्य पातळ करून टिकवणारे द्रावण) त्याला चालेल का, असे आपण विचारले आहे. पशुवैद्यक या नात्याने सांगतो की रेतन करता येते, पण ते विरलक जसेच्या तसे वापरू नये.

बोकडाच्या मूत्रमार्गाजवळील बल्बोयुरेथ्रल ग्रंथींच्या स्रावात, जो वीर्यात मिसळतो, फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर (एन्झाइम) असते. ते बलकातील लेसिथिन या स्निग्ध घटकाचे विघटन करते आणि त्यातून तयार होणारे लायसोलेसिथिन शुक्राणूंना घातक ठरते. म्हणजे ज्या बलकाने थंडीपासून रक्षण करायचे, तोच उलटतो. गाईच्या विरलकात बलक साधारण २० टक्के असतो. बोकडासाठी ट्रिस (आम्लता स्थिर राखणारे रसायन), सायट्रिक आम्ल व फ्रुक्टोज यांच्या द्रावणात तो २ ते २.५ टक्क्यांवर आणावा, किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वीर्यद्रव (शुक्राणूंभोवतीचा द्रव, ज्यात ते विकर असते) आधी वेगळा करावा. गोठ्यावर सेंट्रिफ्यूज कोण ठेवतो, त्यामुळे पहिला मार्गच सोयीचा. द्रावणात पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन घालावे लागते. त्यांचे प्रमाण आपल्या पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे.

खरी कसोटी थंड करण्यात आहे. वीर्य आणि विरलक मिसळताना दोन्हींचे तापमान सारखे, ३० ते ३७ अंशांच्या दरम्यान, असावे. मग ती नळी त्याच तापमानाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात उभी करून पेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे ५ अंशांपर्यंत उतरायला दीड-दोन तास लागतात. नळी थेट थंडीत ठेवली तर शीताघाताने शुक्राणूंची पटले (बाहेरील पातळ आवरणे) फाटतात आणि मग ती कितीही ऊब दिली तरी सांधत नाहीत. प्रवासात थर्मासमधील बर्फाचा स्पर्श नळीला होऊ देऊ नये.

असे वीर्य २४ तासांच्या आत वापरावे. ४८ तासांपर्यंत हालचाल दिसली तरी गर्भधारणेची शक्यता घटत जाते. गोव्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला काही तासांत पोहोचता येते, तेव्हा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा खटाटोप आपल्याला करावा लागणार नाही.

शेळी माजावर आल्यापासून साधारण १२ तासांनी रेतन करावे आणि माज टिकून असेल तर २४ तासांच्या सुमारास पुन्हा करावे. त्याआधी एक थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. निम्म्याहून कमी शुक्राणू सरळ पुढे जाताना दिसले तर ती नळी वापरू नये.