मलम लावलं की थांबतं, सोडलं की परत येतं: पायाची बुरशी आणि पिवळं नख

तुम्ही विचारलंय की बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, मेडिकलमधलं मलम लावलं की दोन दिवसांत थांबते, महिन्याभरात परत येते, आणि आता अंगठ्याचं नखही पिवळं पडलंय. आमच्या दादांचं अगदी हेच झालं होतं.

आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. त्यानं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र पसरतच राहते. दादांनी तीन वर्षं तेच चोळलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्ही खानापूरकडचे. भाताच्या रोप लावणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं, म्हणून बेचक्यातली कातडी पांढरी पडून चिरली की ‘चिखल्या झाल्यात’ म्हणून मेंदी थापतात. नुसत्या ओलीनं झालेल्या चिखल्या पाय कोरडे राहिले की भरून येतात. पाऊस सरूनही राहिल्या तर बुरशीचा संशय घ्या. शुगर असेल तर जास्तच जपा. त्या चिरेतून जंतू शिरून पाय सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नखाचं वेगळं. दादांचं नख कापायला घेतलं तर त्याचे तुकडे पडले आणि खालून रव्यासारखा पिवळा भुगा निघाला. बेळगावच्या त्वचारोग डॉक्टरांनी तोच भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून, बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ही तपासणी कराच, कारण सोरायसिस या त्वचारोगानं किंवा जुन्या मारानंही नख असंच दिसतं.

बेचक्यांना क्लोट्रिमॅझोल हे बुरशी मारणारं मलम दिलं, दिवसातून दोनदा, आणि खाज गेल्यावरही दोन आठवडे लावायला सांगितलं. बहुतेक जण इथंच सोडून देतात. जाड नखात मलम मुरत नाही, म्हणून यकृताची रक्ततपासणी करून टर्बिनाफिन हे बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध, 250 मिलिग्रॅम, रोज एक गोळी, 12 आठवडे. ही गोळी मनानं सुरू करू नका.

गोळ्या संपल्या तरी नख पिवळंच. दादा म्हणाले, ‘पैसे पाण्यात गेले.’ पण मुळाशी गुलाबी पट्टी दिसू लागली होती. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. ती पट्टी टोकाला पोचायला वर्ष उलटलं. तोवर त्यांचा नेलकटर वेगळा ठेवला, गमबूट रोज उन्हात पालथे घातले.

डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब बरोबर न्या, आणि किती महिने लावलीत ते खरं सांगा.